सव्वाचं बटण

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी मी फुलवाती वळायला बसले होते. शंभर व्हायच्या होत्या, साठेक झाल्या असतील. बोटांना राख, मांडीवर कापूस, आणि तेवढ्यात ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली. नालवाडीच्या वळणावर किराण्याचं दुकान आहे ना, त्या बंडूजींची सून. चपला एका बाजूला काढून ती आत आली, माझ्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "काकू, वाती राहू द्या थोडा वेळ. तुमचा महिन्याचा किराणा मागवायचा आहे."

माझा किराणा ती काय म्हणून मागवणार, असं मनात येतं न येतं तोच तिने स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला. मागवायचा मीच होता. ती नुसती पाहणार होती. तिने दुकानासाठी एक ॲप करायला घेतलं होतं आणि ते माझ्यासारख्या बाईला जमतं का, हे तिला बघायचं होतं.

हात पुसून मी फोन धरला. पहिल्याच पानावर त्याने मला ईमेल विचारला. आमच्या घरात ईमेल ह्यांचा आहे, तोही मुलाने काढून दिलेला, आणि त्याचा पासवर्ड पुण्यात मुलाकडे असतो. तसं मी तिला सांगितलं. तिने ते पान बाजूला सारलं आणि पुढे जा म्हणाली. पुढे तुरीच्या डाळीची बारा चित्रं निघाली, सगळी पिवळी, सगळी सारखी. मी आपली म्हणून जी दाबली ती चण्याची निघाली. पाव तासाने माझ्या टोपलीत चण्याची डाळ, दोन किलो मीठ आणि तान्ह्या बाळाचा साबण एवढं जमलं होतं. आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस एकोणसाठ वर्षांचं आहे, आणि ते म्हणजे मी.

एवढ्या वेळात ती एकदाही "असं नाही काकू, इथं दाबा" असं म्हणाली नाही. हातातल्या छोट्या डायरीत काहीतरी लिहीत राहिली. मला संकोच वाटला. म्हटलं, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही. तर म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. मी वाईट केलंय. अजून चार आठवडे आहेत."

चार आठवडे कशाला, हे विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. तिच्याकडून आणि नंतर बंडूजींकडून जे कळलं ते एकत्र करून लिहिते.

बंडूजींचं दुकान छत्तीस वर्षांचं. बाईने फोन करून नुसतं "पोहे" म्हणावं आणि तिच्या घरी जाडे लागतात की पातळ, हे त्यांना ठाऊक असावं, अशी त्यांची दुकानदारी. पण आता गुडघे गेले. कानही गेल्यात जमा. फोनवर तीनदा सांगावं लागतं. मुलगा धीरज सिंदी रेल्वे या गावी शाळेत मास्तर, सकाळच्या गाडीने जातो, त्याला दुकानात रस नाही. आणि नव्या कॉलन्यांतली घरं आता मोठ्या कंपनीच्या ॲपवरून सामान मागवतात. त्यांच्या मोटरसायकली दिवसातून चारदा आमच्या गल्लीतून जातात. तेव्हा बंडूजींनी दुकान एका मोबाइलवाल्याला किरायाने द्यायचं ठरवलं होतं. बोलणंही झालं होतं.

तेव्हा ज्योत्स्नाने सासऱ्यांना सांगितलं की दुकान मला द्या.

लग्नाआधी चार वर्षं ती नागपूरला एका कंपनीत होती. फोनच्या पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं, एवढंच तिचं काम. असंही काम असतं हे मला तिच्याकडूनच कळलं. लग्नानंतर वर्षभर तिने वर्धा-नागपूर रोज जाणं-येणं केलं आणि मग सोडलं. दुकान किरायाने गेलं असतं तर तिचं काही अडणार नव्हतं. ती नोकरी पुन्हा मिळालीच असती. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "नागपूरला मी ज्यांच्यासाठी बटणं केली, त्यातला एक माणूस मी कधी पाहिला नाही, काकू. इथं बटण चुकलं तर ती बाई मला संध्याकाळी चक्कीवर भेटते."

बंडूजींनी तिला होही म्हटलं नाही आणि नाहीही. त्यांनी मुदत दिली. त्यांचे शब्द धीरजने मला जसेच्या तसे सांगितले: "महालक्ष्म्यांपर्यंत दुकान तुह्या हाती. महालक्ष्म्यांच्या सामानाची यादी बायांनी तुह्या त्या फोनवर देली, त दुकान तुहं. मलेच फोन करत राह्यल्या, त चाबी त्या मोबाइलवाल्याले."

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांचा किराणा म्हणजे दुकानदाराची वर्षाची परीक्षा. दिवाळीसुद्धा त्यानंतर. बंडूजींनी अट विचार करूनच घातली होती.

मग ज्योत्स्ना घरोघर बसू लागली. रोज दुपारी एक घर. अकरा घरं केली तिने, काही दोनदा. आमच्या पलीकडच्या शकुंतलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या फोन हातभर लांब धरतात आणि बोट आधी जिभेला लावतात, पोथीचं पान उलटावं तसं. बोट कोरडं असलं की फोन ऐकत नाही, हे त्यांचं म्हणणं. ज्योत्स्ना हसली नाही. दुसऱ्या दिवशी बटणं दुप्पट मोठी होऊन आली. एका घरी बाईचे हात कणकेत, म्हणून तिने बोलून मागवायची सोय केली. पण त्या सोयीला शेंगदाणे, बटाटे कळायचे; आपले फल्लीदाणे कळेनात, आलू कळेनात. मग आपल्या बाया जे जे बोलतात ते ते शब्द तिने बसून त्यात घातले. ईमेल काढून टाकला, नुसता फोन नंबर ठेवला. डाळींची चित्रं काढून टाकली आणि दुकानाच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात स्टीलच्या ताटलीत एकेक डाळ ओतून तिचे स्वतः फोटो काढले. आता तूर ती तूर दिसते.

आतलं यंत्राचं काम तिचा नागपूरचा जुना सहकारी अश्वजित करायचा. ती इथून सांगायची, तो तिथून बदलायचा. एकदा माझ्यासमोरच तिचा फोन चालू होता; तो बिचारा म्हणत होता की हे एकच पान तू मला सतराव्यांदा परत केलंस. ती म्हणाली, अठराव्यांदा करायला लागू नये म्हणूनच नीट ऐक.

सगळ्यात मोठं काम तिने सासऱ्यांजवळ बसून केलं. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा एकेका घराचं नाव घ्यायची आणि विचारायची, यांच्याकडे नेहमी काय जातं? बंडूजी आधी चिडले. म्हणाले, "काऊन वं, मही परीक्षा घेऊन राह्यली का?" मग हळूहळू रंगले. आमच्या घराचं नाव निघालं तेव्हा मी तिथेच होते, रव्यातल्या किड्यांची तक्रार घेऊन गेले होते. बंडूजींनी डोळे मिटून सांगितलं: पातळ पोहे, जाडं मीठ, डाळ फटक्याची, म्हणजे पॉलिशची, नको, आणि नानाजी गेल्यापासून चहापत्ती अर्धी. नानाजी म्हणजे माझे सासरे. चहापत्ती अर्धी झाली हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. माझ्यासुद्धा ते तोवर लक्षात आलं नव्हतं. मी रव्याची तक्रार न करताच घरी आले.

हे सगळं तिने एका बटणामागे ठेवलं. बटणावर लिहिलंय 'नेहमीचं'. ते दाबलं की माझीच डाळ, माझेच पोहे, माझीच अर्धी चहापत्ती समोर येते. नको ते काढायचं, हवं ते राहू द्यायचं. पहिल्यांदा मी त्यावरून सामान मागवलं तेव्हा देवाचा दिवा लावून होईस्तोवर यादी झाली होती आणि जप संपायच्या आत ज्योत्स्ना स्कूटीवर पिशवी घेऊन दारात. इतक्या लवकर कसं, तर पाव, अर्धा, एक किलो अशा पुड्या ती आधीच बांधून ठेवायची. नुसत्या उचलायच्या आणि निघायचं.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण खाते. दुकानातल्या देवळीतला दिवा बंडूजींनी हाक मारल्याशिवाय तिला आठवत नाही. एकदा मी बोलले तर म्हणाली, "दिव्याचंही बटण करू का काकू?" मला हसू आलं आणि रागही आला.

भाद्रपद लागला. गणपती बसले. महालक्ष्म्यांसाठी तिने एक वेगळं पान केलं, आणि मी कबूल करते, ते पाहून मला कौतुक वाटलं होतं. फुलोऱ्याच्या तळणाचा रवा-मैदा, पुरणाची डाळ, गूळ, आंबिलीची ज्वारी, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, नारळ, कापूर. एक वस्तू सुटलेली नव्हती. पुस्तकातून, कुणाकुणाला विचारून तिने ते जमवलं होतं. कारण तिच्या माहेरी महालक्ष्म्या नाहीत. सासूबाई लग्नाच्या आधीच गेल्या आणि तेव्हापासून बंडूजींकडच्या महालक्ष्म्या थोरल्या भावाकडे सिंदीला बसतात. यादी करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

महालक्ष्म्या रविवारी यायच्या होत्या. गुरुवारी सकाळी आठ वाजता बंडूजींचा फोन वाजायला लागला.

पहिला फोन कुणाचा तरी. दुसरा. तिसरा. दुपारी बारापर्यंत एकोणीस. दर फोनला बंडूजी सुनेकडे पाहायचे, आणि मग तीनतीनदा विचारून यादी लिहून घ्यायचे. ज्योत्स्नाला वाटलं की ॲप बंद पडलं. तिने अश्वजितला फोन लावला. त्याने तपासलं, काही बिघडलेलं नव्हतं. बाया पान उघडत होत्या, नारळ घेत होत्या, सुपाऱ्या घेत होत्या, आणि रव्यापाशी येऊन निघून जात होत्या. सगळ्या तिथूनच. का जातात, हे मात्र यंत्र सांगत नाही.

म्हणून ती माझ्याकडे आली. मी ओट्यावर महालक्ष्म्यांचे मुखवटे चिंचेने घासत होते. तिला पाहून माझा हात थांबला, कारण त्या एकोणीस फोनांतला एक माझा होता.

"काकू, तुम्हीपण बाबांनाच फोन केला."

"केला."

"कुठं अडलं?"

"सव्वा नव्हतं."

तिला कळलं नाही. मग मी तिला समजावलं की फुलोऱ्याला रवा सव्वा किलो लागतो, पुरणाला डाळ सव्वा किलो, खारका सव्वा पाव. देवीच्या नैवेद्याचं माप काठोकाठ देत नाहीत, त्यावर थोडं चढतं देतात. माझ्या सासूबाईंनी तसंच केलं, त्यांच्या सासूबाईंनी तसंच. तिच्या पानावर पाव होता, अर्धा होता, एक होता, दोन होते.

ती म्हणाली, "मग एक किलोची एक पुडी आणि पावाची एक..."

"दोन पुड्यांचं सव्वा नसते बाई. एका पुडीत, एका तोलात."

मला वाटलं आता ती हसेल. रव्याला काय कळतं किती पुड्या, असं आजकालची कोणतीही शिकलेली पोरगी म्हणाली असती, आणि मला उत्तर सुचलं नसतं. तिने डायरी काढली. विचारलं, "सगळ्या वस्तूंना, की काहींनाच?"

मी सांगितलं, मिठाला नाही, तेलाला नाही, कापराला नाही. नैवेद्यात जे जातं त्याला. आम्ही दोघींनी मोजलं तर नऊ वस्तू निघाल्या. तिने त्या लिहिल्या आणि उठली. मुखवटे तसेच चिंचेत ठेवून मीही तिच्याबरोबर निघाले. त्या दिवशी तिला एकटीला दुकानात जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं.

बंडूजी गल्ल्यावर होते. आम्हाला पाहून एवढंच म्हणाले, "एकोणीस."

"हो बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. "अट मी हरले. चाबी द्यायची तर देऊन टाका. पण या एकोणीस घरांचं सामान आज जायला पाहिजे. सगळ्यांना सव्वा पाहिजे, आणि मी बांधून ठेवलं आहे ते सगळं पाव, अर्धा, एक किलोचं. फोडावं लागेल. तुम्ही तोलाल का?"

तिने अजून दोन दिवस मागितले नाहीत. बायांवर ढकललं नाही, माझ्यावर नाही, आणि तुम्हाला सव्वा माहीत होतं तर आधी का नाही बोललात, असं सासऱ्यांनाही विचारलं नाही. बंडूजीच थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाले, "मले विचारलं असतं त सांगतलं असतं." ती म्हणाली, "तेच चुकलं. महालक्ष्म्यांचं घरोघर विचारत फिरले, घरातच विचारलं नाही."

बंडूजी उंच खुर्ची ओढून काट्याजवळ बसले. ती पुड्या फोडायची, ते तोलायचे. दोनदा हात घातला की काट्यावर बरोबर सव्वा. तिसऱ्यांदा हात घालावा लागला नाही. मी पुड्यांची तोंडं दुमडून दोरा बांधत होते. भरलेल्या पिशव्या घेऊन ती स्कूटीवर जायची, यायची, पुन्हा जायची. दिवेलागणीच्या आत एकोणिसावी पिशवी गेली, ती माझीच. मी ती हातातच घेऊन घरी आले.

शुक्रवारी दुपारी शकुंतलाबाईंचा मला फोन आला. "पद्मा, त्या पोरीनं सव्वा टाकलं पाह्य. लाल बटण हाय. अन् खाली लिवलं हाय, एकाच पुडीत तोलून. म्या मैदा मांगवला, मघा आला बी."

मी उघडून पाहिलं. नऊच वस्तूंना ते बटण होतं, कुंकवाच्या रंगाचं. बाकी कुठेही नाही. मिठापाशी नाही. तिने कुणाला बोलावून दाखवलं नव्हतं, गल्लीत सांगत फिरली नव्हती. सांगायचं काम शकुंतलाबाईंनी केलं. त्या दिवशी त्यांनी किती घरी फोन केले ते त्यांनाच माहीत. ज्या बायांनी अजून यादी दिली नव्हती त्यांनी ॲपवर दिली, आणि गुरुवारी ज्यांनी दिली होती त्यांना राहिलेलं आठवलं. सव्वा मागवलं तर वीस मिनिटांत येत नाही, चाळीस लागतात. तेही तिने बटणाखाली लिहून टाकलं होतं. कुणाची तक्रार नव्हती. सव्वा तोलायला वेळ लागायचाच.

शनिवारी सकाळी मी कापूर घ्यायला दुकानात गेले. अकरा वाजत आले होते. बंडूजी खुर्चीवर बसून आपला फोन उलटा-सुलटा करून पाहत होते. कानाला लावला, झटकला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "ज्योत्स्ना, मले एक फोन लाव. बंद पडला वाटते."

ती काट्यापलीकडे उभी होती. तिने तिथूनच लावला. फोन एवढ्या मोठ्याने वाजला की ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. बंडूजींनी तो बंद करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि गुळाच्या ढेपेकडे वळले. ती पुन्हा पुड्यांकडे. मी कापूर घेऊन निघाले.

पण अट ती अट. गुरुवारचे एकोणीस फोन झालेच होते, आणि बंडूजी शब्दाचे पक्के. रविवारी महालक्ष्म्या आल्या, सोमवारी जेवल्या. दुसऱ्याच्या दुकानासाठी मी देवीपुढे कधी मागणं मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. पुरणाचा नैवेद्य दाखवून झाल्यावर डोळे मिटले आणि आधी बंडूजींच्या वळणावरचं दुकानच डोळ्यांपुढे आलं, मग मुलगा.

आज बुधवार. काल महालक्ष्म्यांची बोळवण झाली. सकाळी मी प्रसादाचा डबा द्यायला दुकानात गेले तर तो मोबाइलवाला तिथे बसला होता, उत्तर घ्यायला आलेला. ज्योत्स्ना मागे पोती लावत होती. तिला ऐकू येत होतं. तिचे हात थांबले होते.

बंडूजी त्याला म्हणाले, "दुकान खाली नाई."

तो म्हणाला, काका, तुम्हीच तर खाली करून देतो म्हणाला होता.

"म्हटलं होतं. गुरुवारी एकोणीस फोन आले, ते मह्या डोक्यात होते. शनवारी एक नाई आला, तेही पाह्यलं. आता दुकानात माणूस बसला हाय. दुसरी जागा पाह्य बापू."

तो गेला. बंडूजींनी माझ्या हातून डबा घेतला, प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला आणि मागे न पाहता हाक मारली. "ज्योत्स्ना, काट्याची मुदत सरून राह्यली. उद्या पासिंग करून आणजो. दुकान कोणाचं विचारलं त तुहं नाव सांगजो."

ती पोत्यांमधून बाहेर आली. "माझं?"

"मंग काय, त्या अश्वजितचं?"

ती हसली नाही, रडली नाही. खाली वाकून तिने सासऱ्यांच्या पायांना हात लावला, आणि मग देवळीतल्या दिव्यात तेल घातलं. कुणी हाक मारली नव्हती. मी रिकामा डबा घेऊन घरी आले आणि हे लिहायला बसले.

उद्या साडेदहाला ज्योत्स्ना ऑटोत काटा घालून वर्ध्याला वजनमाप कार्यालयात जाणार आहे, त्यावर यंदाचा शिक्का मारून आणायला.